वासावर विसंबू नका : विषारी वायूंचे उपयोग, अपाय आणि बचावाचे शास्त्र

नळाचे पाणी निर्जंतुक करणारा क्लोरीन, शेताला युरिया मिळवून देणारा अमोनिया, लोहखनिजाचे लोखंड करणारा कार्बन मोनॉक्साइड आणि साखरेला पांढरेपणा देणारा सल्फर डायऑक्साइड हे चारही वायू विषारी आहेत. ते नसते, तर शहरांचा पाणीपुरवठा, अन्नधान्याचे उत्पादन आणि पोलादाचा उद्योग आजच्या स्वरूपात उभा राहिला नसता. त्यामुळे विषारी वायूंवर सरसकट बंदी घालणे हा या प्रश्नावरील तोडगा होऊ शकत नाही. हे वायू कोठे, किती प्रमाणात आणि कोणाच्या देखरेखीखाली साठवले जातात आणि गळती झालीच तर आसपासच्या माणसांना नेमके काय करायचे ते ठाऊक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

वायुगळतीची घटना घडली की ‘विषारी वायू’ असा एकच शब्दप्रयोग सर्रास केला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक वायूचा स्वभाव वेगळा आहे आणि एका वायूवरचा उपाय दुसऱ्या वायूच्या बाबतीत अपाय ठरू शकतो. अमोनियाची गळती झाली, तर हवेत पाण्याचे तुषार उडवून वायू शोषून घेणे हा उत्तम उपाय होय. क्लोरीनच्या गळक्या सिलिंडरवर मात्र थेट पाणी मारले, तर तेथे आम्ल तयार होते, धातू झिजतो आणि छिद्र अधिक मोठे होते. म्हणून ‘वायू कोणता’ हा पहिला प्रश्न आणि ‘काय करावे’ हा त्यानंतरचा.

शरीरावर होणारे आघात

वायूंमुळे होणारी इजा साधारणपणे चार प्रकारची असते. पहिला प्रकार दाहक वायूंचा. क्लोरीन, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि फॉस्जीन यांचा समावेश या गटात होतो. डोळे, नाक, घसा आणि फुप्फुसे यांच्या ओलसर आवरणाशी संयोग होऊन हे वायू तेथील पेशी जाळतात. त्यांतील जे वायू पाण्यात सहज विरघळतात ते नाका-घशातच झोंबू लागतात. अमोनियाचा तीव्र झोत आला की माणूस आपोआप मागे सरतो आणि ही प्रतिक्षिप्त क्रियाच अनेकदा त्याला वाचवते.

फॉस्जीनची गोष्ट निराळी आहे. तो पाण्यात सावकाश विरघळत असल्याने घशाला फारसा त्रास न देता फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. बाधित व्यक्तीला सुरुवातीला बरे वाटते; ती चालते, बोलते, कामही करते. काही तासांनी, क्वचित एक दिवस उलटल्यावर, फुप्फुसांत पाणी साचू लागते आणि प्रकृती झपाट्याने खालावते. दाहक वायूच्या संपर्कात आलेल्या माणसाला ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर घरी न पाठवता वैद्यकीय निरीक्षणाखाली ठेवणे का आवश्यक असते, याचे उत्तर येथे मिळते.

दुसऱ्या प्रकारात वायू रक्तातून प्राणवायूचे वहन रोखतो. कार्बन मोनॉक्साइड हा त्याचा प्रमुख नमुना. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे बंध प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट असतात. त्यामुळे हवेत भरपूर प्राणवायू असूनही शरीर गुदमरते. डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशी याची लक्षणे असल्याने थकवा किंवा अपचन समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही येथे फसवा ठरतो. कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही आणि आकडा समाधानकारक दिसत राहतो.

तिसऱ्या प्रकारातील हायड्रोजन सल्फाइड आणि हायड्रोजन सायनाइड हे वायू थेट पेशींवर घाला घालतात. रक्तातून प्राणवायू पेशीपर्यंत पोहोचतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. मेंदू आणि हृदय यांना सर्वांत आधी झळ बसते.

चौथ्या प्रकारातील नायट्रोजन, मिथेन यांसारखे वायू स्वतः विषारी नसतात, परंतु बंदिस्त जागेतील प्राणवायूला ते हुसकावून लावतात. कार्बन डायऑक्साइडही असाच जागा व्यापतो, शिवाय त्याचे प्रमाण फार वाढले की तो स्वतःही घातक ठरतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा काम करण्यास असुरक्षित मानली जाते. १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडू शकतो.

क्लोरीन : पाण्याचा रक्षक, श्वासाचा वैरी

हिरवट पिवळ्या रंगाचा क्लोरीन वायू मिठाच्या पाण्यातून वीजप्रवाह सोडून मिळवतात. त्याच प्रक्रियेत कॉस्टिक सोडाही तयार होतो. पीव्हीसीचे पाइप, औषधे, रंग आणि कीटकनाशके यांच्या निर्मितीत क्लोरीन लागतो. सर्वसामान्य नागरिकाचा त्याच्याशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो पिण्याच्या पाण्यातून. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन असावा लागतो. पटकी, विषमज्वर यांसारख्या जलजन्य रोगांना आळा घालण्यात या अल्प मात्रेचा वाटा मोठा आहे.

हाच क्लोरीन १९१५ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधील इप्र येथे युद्धभूमीवर सोडला आणि आधुनिक रासायनिक युद्धाला तोंड फुटले. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने तो खंदकांत उतरून साचत गेला. आजही गळतीच्या वेळी तो नाले, तळघरे आणि सखल वस्त्यांकडे वाहतो. हवेच्या १० लाख भागांत १० भाग क्लोरीन असला, तरी ती पातळी जिवाला तत्काळ धोका पोहोचवणारी मानली जाते.

क्लोरीन सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. एक लिटर द्रव क्लोरीनपासून साडेचारशे लिटरहून अधिक वायू तयार होतो. म्हणून शक्य असल्यास प्रशिक्षित कर्मचारी गळके सिलिंडर असे फिरवतात की छिद्र वरच्या बाजूस येईल. मग द्रवाऐवजी केवळ वायू बाहेर पडतो आणि गळतीचा जोर घटतो. जुलै २०१० मध्ये मुंबईतील शिवडीच्या हाजी बंदर भागात अनेक वर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीनची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. चालू कारखान्याइतकेच बेवारस साठेही धोकादायक असतात, हे त्या घटनेने दाखवून दिले.

या वायूचा धोका घरातही संभवतो. ब्लीच आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्लयुक्त द्रावण एकत्र ओतले, तर क्लोरीन मुक्त होतो. स्वच्छता अधिक चांगली होईल या समजुतीने लहानशा, खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात केलेले असे मिश्रण इस्पितळात नेण्याची वेळ आणू शकते.

अमोनिया : खतापासून शीतगृहापर्यंत

हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश प्रक्रिया १९१३ मध्ये जर्मनीत औद्योगिक प्रमाणावर सुरू झाली. जगातील जवळपास निम्म्या लोकसंख्येचे अन्न आज या प्रक्रियेतून मिळणाऱ्या नत्रखतांवर अवलंबून असल्याचे मानले जाते. भारतातील युरिया प्रकल्पही याच वायूवर चालतात. रायगड जिल्ह्यातील थळ येथील प्रकल्प हे त्याचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण.

अमोनियाचे बाष्पीभवन होताना तो मोठ्या प्रमाणावर उष्णता शोषून घेतो. त्याने ओझोनच्या थराला अपाय होत नाही आणि तो जागतिक तापमानवाढीतही भर घालत नाही. त्यामुळे उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधील बटाट्याची शीतगृहे, बर्फाचे कारखाने, दूध डेअऱ्या आणि किनारपट्टीवरील मासळी प्रक्रिया केंद्रे यांत तो शीतकारक म्हणून वापरला जातो. धोक्याचे ठिकाण म्हणजे केवळ मोठा रासायनिक कारखाना, ही समजूत येथे अपुरी पडते. बाजारपेठेला लागून असलेल्या शीतगृहाच्या नळ्यांतही हाच वायू खेळत असतो.

अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. मात्र द्रवरूप अमोनियाची गळती झाली की त्याचे थंडगार पांढरे धुके जमिनीलगत पसरते आणि तापल्यावर वर जाते. डोळ्यांना तो विशेष घातक आहे. डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने सतत धुणे हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार होय. हवेत पसरलेल्या अमोनियावर तुषार उपयोगी पडत असले, तरी जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतू नये. त्याने तो अधिक वेगाने उकळून वायुरूप होतो.

वास नाहीसा होतो तेव्हा

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. गटारे, सेप्टिक टँक, बायोगॅसचे खड्डे, कातडी कमावण्याचे कारखाने अशा ठिकाणी सेंद्रिय पदार्थ कुजताना तो तयार होतो. तेलशुद्धीकरणातही तो मोठ्या प्रमाणावर निघतो. देशात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आणण्यात आले. इंधनातून काढलेले हे गंधक आधी हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात बाहेर पडते आणि नंतर त्यापासून शुद्ध गंधक मिळवले जाते. तेलंगणातील मणुगुरू आणि राजस्थानातील रावतभाटा येथील प्रकल्पांत अणुभट्ट्यांना लागणारे जड पाणी तयार करण्यासाठीही हाच वायू वापरतात.

हवेतील अत्यल्प प्रमाणही नाकाला जाणवते. पण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांच्या पातळीवर हा वायू वासाची जाणीवच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आत पाऊल टाकतो, नेमके तेव्हा प्रमाण प्राणघातक होत असते. ५०० भागांच्या पुढे माणूस कोसळतो. १००० भागांजवळ एक-दोन श्वासही पुरतात. पंजाबमधील लुधियानाच्या ग्यासपुरा वस्तीत ३० एप्रिल २०२३ रोजी ११ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा संशयाची सुई गटारातून बाहेर आलेल्या याच वायूकडे वळली होती.

कार्बन मोनॉक्साइडला तर रंग, वास, चव यांपैकी काहीच नाही. पोलाद प्रकल्पातील झोतभट्टीच्या वायूत त्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असते आणि तोच पुढे इंधन म्हणून वापरला जातो. जून २०१४ मध्ये छत्तीसगडमधील भिलाई पोलाद प्रकल्पात या वायूच्या गळतीत ६ जणांना प्राण गमवावे लागले. मृतांमध्ये वरिष्ठ अधिकारीही होते. उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर, बंद गॅरेजमध्ये सुरू ठेवलेली मोटार, विहिरीत उतरवलेला डिझेलचा पंप या सर्वांतून हाच वायू बाहेर पडतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवणे आणि शेगडी विझवूनच झोपणे हे नियम साधे असले, तरी त्यांवर प्राण अवलंबून असतात.

वाचवायला गेलेल्यांचे मृत्यू

अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी गावी एप्रिल २०२४ मध्ये एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ही विहीर बायोगॅसचा खड्डा म्हणून वापरात होती. मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला आणि कोसळला. त्याला वाचवण्यासाठी एकामागून एक माणसे उतरत गेली. त्या दुर्घटनेत ५ जणांचा मृत्यू झाला. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एकाला मात्र वर ओढून काढता आले.

देशभरातील गटारे, सेप्टिक टँक आणि विहिरी यांतील दुर्घटनांचा क्रम बहुधा असाच असतो. पहिला माणूस कामासाठी उतरतो, नंतरचे मायेपोटी किंवा सहकाऱ्याच्या काळजीपोटी. आत काय घडले याची कल्पना वरच्यांना नसते; पाय घसरला, भोवळ आली, असेच त्यांना वाटते. म्हणून बंदिस्त जागेबाबतचा पहिला नियम कठोर आहे : आतला माणूस निपचित पडलेला दिसला, तर श्वसनसंचाशिवाय कोणीही आत उतरू नये. अग्निशमन दलाला तत्काळ बोलवावे आणि शक्य असेल तर वरूनच हवा सोडावी. कमरेचा दोर आणि वर उभा असलेला सावध माणूस यांची तजवीज उतरण्यापूर्वी करायची असते.

विहिरीत पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत ग्रामीण भागात अजूनही आढळते. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे त्यातून कळते. ज्योत तेवत राहिली, तरी हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड नाही याची खात्री मिळत नाही. शिवाय मिथेन असल्यास भडका उडू शकतो. त्यासाठी वायुमापक यंत्रच हवे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धूळ रोखणारा मास्क वायू अडवू शकत नाही. गाळणी असलेला मास्कही प्राणवायूच नसलेल्या जागेत निरुपयोगी ठरतो.

हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसांना कामाला लावण्यास मनाई केली आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपयांपर्यंत वाढवली. तरीही मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याची प्रथा पुरती थांबलेली नाही.

भोपाळचा धडा आणि कायदा

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ येथे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. फॉस्जीनपासून बनवल्या जाणाऱ्या या रसायनाच्या टाकीत पाणी शिरले आणि अनावर उष्णता निर्माण झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोराही वापरात नव्हता. हजारो लोक मृत्युमुखी पडले आणि ५ लाखांहून अधिक बाधित झाले. वायू कोणता, त्यावर उपचार काय, याची नेमकी माहिती त्या रात्री डॉक्टरांजवळही नव्हती. ओल्या कापडाने नाक-तोंड झाकावे, वाऱ्याच्या दिशेने धावू नये, एवढ्या साध्या सूचनाही भोवतालच्या वस्त्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या.

पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ असा बचाव करून भरपाईतून सुटता येत नाही, हे त्या तत्त्वाचे सार होय. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीचे १९८९ चे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम अशी पुढची चौकट उभी राहिली.

चौकट असूनही ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणम येथे स्टायरीनच्या बाष्पाने १२ जणांचा बळी घेतला. टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता, पण टाक्या भरलेल्याच होत्या. साठ्याचे तापमान आणि त्यातील प्रतिरोधक रसायन यांकडे पुरेसे लक्ष राहिले नाही. धोक्याचा भोंगाही वाजवला गेला नव्हता, असे राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नोंदवले.

गळती झाल्यास काय करावे

वायूचा स्वभाव ठाऊक नसला, तरी काही नियम बहुतेक प्रसंगी उपयोगी पडतात. झाडाची पाने, झेंडा किंवा धूर पाहून वाऱ्याची दिशा ओळखावी आणि वाऱ्याला आडव्या दिशेने दूर जावे. वायू मागून येत असताना वाऱ्याबरोबर पळत राहिल्यास माणूस त्याच झोतात अडकून राहतो. क्लोरीनसारख्या जड वायूच्या गळतीत तळघर आणि सखल जागा टाळून उंचावर जावे. बाहेर पडणे अशक्य असेल, तर दारे-खिडक्या बंद करून फटींत ओले कापड कोंबावे आणि पंखे व वातानुकूलन यंत्रे बंद करावीत. इंधनाचा वायू असण्याची शक्यता असेल, तर विजेच्या बटणांना हात लावू नये. बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत आणून तिचे कपडे बदलावेत, डोळे व त्वचा भरपूर पाण्याने धुवावी आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. डॉक्टरांना वायूचे नाव सांगता आले, तर उपचारांना लागणारा मोलाचा वेळ वाचतो.

हे नाव आधीच ठाऊक असणे हा नागरिकांचा अधिकार आहे. १९८९ च्या नियमांनुसार मोठा अपघात संभवणाऱ्या कारखान्याच्या चालकाने, अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा लोकांना धोक्याचे स्वरूप आणि घ्यावयाची काळजी कळवणे बंधनकारक आहे. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी प्रशासनाची आहे. शेजारच्या कारखान्यात किंवा शीतगृहात कोणता वायू आहे, त्याचा भोंगा कसा वाजतो आणि तो वाजल्यावर कोणत्या रस्त्याने निघायचे, हे प्रश्न ग्रामसभेत, प्रभाग समितीत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत विचारता येतात. त्यांची उत्तरे वस्तीतील प्रत्येक घराला गळती होण्यापूर्वी माहीत असली पाहिजेत.